तुळस कुणी ओलांडली? भुताच्या मालिकेचा शेवट जवळ आला की घरात काय होतं

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर तीनच गोष्टी लिहायच्या असा घरचा रिवाज: गॅसची टाकी कधी लावली, दूध कुठल्या दिवशी घेतलं नाही आणि लाईटबिल भरायची शेवटची तारीख. या महिन्यात एका शनिवारभोवती लाल पेन्सिलीचं कडं पडलंय आणि चौकटीत मावेल एवढ्या बारीक अक्षरात लिहिलंय, 'शेवट'. अक्षर आत्तींचं. (सासूबाईंना आमच्याकडं आत्ती म्हणतात, पुण्या-मुंबईच्या वाचकांचा घोटाळा नको.)

शेवट कुणाचा, हे घरात कुणी विचारलं नाही. रात्री साडेदहाला लागणाऱ्या भुताच्या मालिकेचा. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढं मी तिच्याविषयी थोडं वाकडं बोलणार आहे आणि त्यात काम करणाऱ्यांनी मेहनत घेतली आहे. गेली दोन वर्षं आमच्या घरातली भांडी सव्वादहाच्या आत घासून होतात ती तिच्यामुळं, एवढं उपकार मान्य करते.

मालिका संपणार हे वाहिनीनं सांगितलं नव्हतं. एका रात्री मध्येच नव्या मालिकेची जाहिरात लागली, तळाशी वेळ आली 'रात्री साडेदहा', आणि आत्तींनी सोलत असलेला लसूण ताटात टाकला. "झालं. तिरडी बांधली हिची."

तेव्हापासून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर याच गोष्टीची चर्चा आहे. कोल्हापूर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: संध्याकाळी इथं म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. लोक दूध पिऊन लगेच हलत नाहीत. परवा एक पोरगा म्हणत होता, "ती मरणार न्हाई भावा, भाग दोन काढणार बघ." दुसऱ्याचं म्हणणं, हे सगळं धाकट्या दिराचं कारस्थान आहे, भूतबित काही नाही. आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर म्हणाले, शेवटी भूत नव्हतंच असं दाखवलं तर ते कट्ट्यावर सगळ्यांना दूध पाजतील. धार काढणारा मान वर न करता बोलला, "काय बी दावा, पर घाईत गुंडाळू नका म्हणावं."

शहाणीसुरती माणसं. सगळं खोटं आहे हे ठाऊक असलेली. मग शेवट जवळ आल्यावर त्यांचं असं का होतं? आणि सासू-सुनांच्या मालिकेपेक्षा भुताच्या मालिकेच्या शेवटावर लोक जास्त का चिडतात? मला यात मराठीतल्याच एका जुन्या वाक्याचा फार उपयोग झाला. श्रावणातल्या कहाण्या संपताना म्हणतात, 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.' लहानपणी हे आम्ही एका दमात म्हणायचो, त्यामुळं त्यात दोन वेगळे शब्द आहेत हे लक्षातच आलं नव्हतं. संपूर्ण म्हणजे गोष्ट संपली. सुफळ म्हणजे ऐकत बसलेल्याच्या पदरात काही पडलं. मालिका संपूर्ण करणं वाहिनीच्या हातात असतं. सुफळ करणं मात्र फार अवघड, आणि भुताच्या गोष्टीत तर त्याहून अवघड. ते का, तेच सांगायचं आहे.

डबा कुणाच्या घरात असतो

आधी रुक्ष भाग उरकते. मालिका कधी संपणार हे गोष्ट ठरवत नाही, टीआरपी ठरवतो. भारतात हे मोजमाप २०१५ पासून बार्क नावाची संस्था करते. देशभरातल्या पन्नास हजारांहून थोड्या जास्त निवडक घरांत तिनं एक यंत्र बसवलेलं आहे. वाहिन्या आपल्या आवाजातच एक खूण मिसळतात, जी आपल्या कानाला ऐकू येत नाही पण त्या यंत्राला येते. घरातल्या प्रत्येकाला एक बटण दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. त्यावरून कोण, किती वेळ, काय बघत होतं हे कळतं आणि दर गुरुवारी आकडे जाहीर होतात.

हे मी आत्तींना समजावून सांगितलं. त्या बराच वेळ टीव्हीच्या मागं वाकून बघत होत्या.

"आपल्यात न्हाई तो डबा?"

"नाही."

"मग मी रोज बघतो की गं. मला कोण मोजतंय?"

"कुणीच नाही."

दोन वर्षं रोज हजेरी लावून हजेरीपटावर नाव नाही, असा चेहरा झाला त्यांचा. देशात टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी. म्हणजे डबा असलेलं एकेक घर जवळपास चार हजार घरांच्या वतीनं बोलतं. अन्याय वाटतो, पण भात शिजला का हे बघायला आपण तरी कुठं अख्खं पातेलं चिवडतो? शितावरून भाताची परीक्षा, तशातलंच. पातेलं नीट ढवळलेलं असलं आणि शितं सगळीकडून उचलली की अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो.

आता भुताच्या मालिकेची अडचण बघा. ती उशिराच्या वेळेला लागते, तेव्हा निम्मं घर झोपलेलं. तिच्यात रात्रीचं चित्रीकरण, धूर, संगणकावरची करामत, म्हणजे स्वयंपाकघरातल्या भांडणापेक्षा खर्च जास्त. आकडा थोडा घसरला की हिशेब जमेनासा होतो. दैनंदिन मालिकेत पुढचे तयार भाग थोडेच असतात, त्या साठ्याला या धंद्यात 'बँक' म्हणतात. बँक बारीक असल्यानं आज ठरलं की काही आठवड्यांत शेवट चित्रित करून मोकळं व्हावं लागतं. दोन वर्षं सोडलेले धागे पाच-सहा भागांत वळायचे. मग एका रविवारी किंवा शनिवारी दोन तासांचा महाभाग, त्यात सगळे खुलासे एका दमात. धार काढणाऱ्याची भीती अस्थानी नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतलं. 'लॉस्ट' ही बेटावर अडकलेल्या विमानप्रवाशांची गूढ मालिका २००४ मध्ये सुरू झाली. तिच्या कर्त्यांनी वाहिनीकडं शेवटाची तारीख मागून घेतली आणि मे २००७ मध्ये जाहीर झालं की आणखी ४८ भाग, २०१० मध्ये समाप्त. तीन वर्षं आधी! आपल्याकडं एवढी सवड मिळाली तर लेखक नारळ फोडतील.

तरीही 'लॉस्ट'च्या शेवटावर लोक भांडलेच. ते का, ते पुढं.

भुताला नियम असतात

आमच्या मालिकेतल्या बाईचा एक नियम होता. ती वाड्यात कुठंही फिरेल, माळवदावर, न्हाणीत, देवघराच्या दारापर्यंत, पण अंगणातली तुळस ओलांडणार नाही. पहिल्याच आठवड्यात हे दाखवलं होतं आणि त्यावर सगळा खेळ होता. घाबरलेली सून तुळशीपाशी जाऊन बसायची, पोराची खाट तिथं आणून टाकली होती. दोन वर्षं. आणि आता शेवटाच्या धावपळीत, गेल्या मंगळवारी, ती बाई सरळ तुळस ओलांडून ओसरीवर आली. कुणी काही बोललं नाही. सुनेलासुद्धा आश्चर्य वाटलं नाही.

आत्ती उठून उभ्या राहिल्या होत्या. "आगं तुळस वलांडली की तिनं!"

मला आधी हसू आलं. मग वाटलं, त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडची भुतं कधीच मोकाट नसतात. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, त्याचं घर पिंपळावर. हडळीचे पाय उलटे. चकवा मारत नाही, रानात वाट चुकवून पुन्हा त्याच जागी आणून सोडतो. आज्ज्यांनी ही माहिती आम्हाला घाबरवायला जेवढी सांगितली तेवढीच धीर द्यायलाही सांगितली, कारण नियम कळला की सुटकेची वाट कळते. भुताच्या गोष्टीत काहीही होऊ शकतं असं वरवर वाटतं. खरं तर जिथं मेलेलं माणूस चालू शकतं, तिथं बाकीच्या गोष्टी फार काटेकोर असाव्या लागतात, नाहीतर ऐकणाऱ्याला पाय टेकायला जागाच उरत नाही.

वेताळपंचविशी आठवा. मला ती आपली सगळ्यात सुबक मालिका वाटते. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. अट अशी की बोलायचं नाही. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो आणि बजावतो, उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. राजा उत्तर देतो, मौन मोडतं, वेताळ पुन्हा झाडावर. रोजच्या भागाचा शेवट असाच हवा: सगळं मिळाल्यासारखं वाटून पुन्हा पहिल्यापासून. पण ही गोष्ट संपते कशी? कुणी मंत्र म्हणत नाही, कुठून तलवार येत नाही. शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला खरोखरच येत नाही, म्हणून तो गप्प राहतो. बास. ठाऊक नसल्यामुळं शापही लागत नाही आणि मौनही मोडत नाही. ज्या नियमानं गोष्ट एवढी चालवली त्याच नियमानं ती थांबवली. राजाला ज्या गोसाव्यानं पाठवलं त्याचा डाव वेताळ मग स्वतःहून सांगतो. याला म्हणायचं सुफळ.

'सुपरनॅचरल' या अमेरिकी मालिकेचा शेवट याच तराजूत घालून बघण्यासारखा आहे. भुतं मारत गावोगाव फिरणाऱ्या दोन भावांची गोष्ट, २००५ ते २०२०, पंधरा पर्वं, ३२७ भाग. तिच्यातही नियम पक्के होते: मिठाची रेघ भूत ओलांडत नाही, लोखंडानं ते मागं हटतं, हाडांवर मीठ टाकून जाळलं की सुटतं. आपल्याकडं मिठानं दृष्ट काढतात, त्यामुळं हे बघताना परकं वाटत नाही. मार्च २०२० मध्ये, दोनच भागांचं चित्रीकरण राहिलेलं असताना, करोनामुळं काम थांबलं. शेवटचा भाग दिसायला १९ नोव्हेंबर उजाडला. एवढी ताटकळलेली मंडळी, आणि पडद्यावर काय? शेवटून दुसऱ्या भागात ज्यांनी थेट देवाला हरवलं त्यांच्यातला थोरला भाऊ शेवटच्या भागात एका साध्या झटापटीत कोठारातल्या खांबाच्या लोखंडी सळीत अडकून मेला. इतकी वर्षं झाली, सांगायला आता हरकत नाही. यावर तट पडले. एक गट म्हणाला, पंधरा वर्षं याचसाठी बघितलं का? दुसरा म्हणाला, हाच तर त्यांच्या धंद्याचा नियम होता, भुतं मारणारा कामावरच मरतो. मी दुसऱ्या गटात आहे. पण पहिल्या गटाचा राग मला आता तुळशीमुळं कळतो.

शंका हेच इंधन

नियम पाळले तरी एक पेच उरतो आणि तो फक्त याच प्रकारच्या गोष्टींत असतो. बल्गेरियात जन्मलेले आणि पॅरिसमध्ये राहिलेले समीक्षक त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० साली तो नेमका पकडला. त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं: गोष्टीत काहीतरी विचित्र घडतं. त्याचं कारण या जगातलं आहे की जगाबाहेरचं, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. ही जी दोलायमान अवस्था, तीच अशा गोष्टीचा प्राण. ज्या क्षणी तुम्ही ठरवता, 'हं, माणसाचंच काम होतं' किंवा 'हं, भूत खरंच आहे', त्या क्षणी ती गोष्ट वेगळ्या प्रकारची होते.

आता दूध कट्ट्यावरच्या मंडळींकडं परत या. धाकट्या दिरावर संशय घेणारा आणि 'भाग दोन'वाला, दोघंही दोन वर्षं एकाच मालिकेत सुखात होते. दोघांनाही रोज आपापल्या बाजूचा पुरावा मिळत होता. दार आपोआप उघडलं? वारा असेल, दीर असेल, ती असेल. शेवटचा भाग यातल्या एकाला खोटं पाडणार. म्हणजे अर्धे लोक नाराज होणार हे गोष्ट सुरू झाली तेव्हाच ठरलेलं असतं.

यात आपल्याकडं आणखी एक ताण आहे. मास्तर दूध पाजायला निघालेत ते उगाच नाही. हे शाहू महाराजांचं गाव, अंधश्रद्धेवर इथं घराघरांत वाद झालेत. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा अंधश्रद्धा पसरवते म्हणून कोकणातूनच विरोध झाला होता. त्यामुळं मराठी भूतमालिकेला एक पाय वाड्यात आणि एक पाय सूचनेच्या पाटीवर ठेवून उभं राहावं लागतं. 'आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही' असं आधी लिहायचं आणि मग अर्धा तास ती बाई आरशातून बाहेर येताना दाखवायची. मास्तरांना वाटतं शेवट तरी पाटीप्रमाणं व्हावा. आत्ती म्हणतात, "माणसाचंच काम असंल तर मग मी दोन वर्सं भ्यालो कुणाला?" दोघांचंही मला पटतं, ही माझी अडचण.

काही लेखक तिसरी वाट काढतात, कुंपणावरच थांबायचं. दोन्ही शक्यता उघड्या ठेवून मालिका संपवायची. पुस्तकात हे शोभतं. कोल्हापूरच्या प्रेक्षकापुढं याचं काय होतं ते समजायला खासबाग मैदान आठवावं. तिथं लोकांना निकाली कुस्ती लागते. अर्धा तास झुंजवून पंचांनी बरोबरीत सोडवली की चारी बाजूंनी शिट्ट्या, आणि कुणीतरी 'नुरा' म्हणून ओरडतोच. नुरा म्हणजे आधीच संगनमतानं ठरवलेली कुस्ती. पैलवान खरोखर तुल्यबळ असतील, घाम खरा असेल, तरी लोकांना फसवल्यासारखं वाटतं.

उत्तर लवकर दिलं तर? तेही करून झालंय. अमेरिकेत १९९० मध्ये 'ट्विन पीक्स' आली. एका गावात शाळकरी मुलीचा खून आणि आजूबाजूला स्वप्नं, आत्मे. खुनी कोण हे सांगायचंच नाही, असा कर्त्यांचा विचार होता. वाहिनीनं रेटा लावला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात खुनी उघड केला. लोकांनी एवढं मागितलेलं उत्तर मिळालं आणि लोक उठून गेले. जून १९९१ मध्ये मालिका बंद. शेवटच्या भागात ती मेलेली मुलगी म्हणते, पंचवीस वर्षांनी पुन्हा भेटू. २०१७ मध्ये, म्हणजे जेमतेम वर्षभर उशिरानं, मालिका खरंच परत आली. भुतानं एवढी वेळ पाळलेली मी दुसरीकडं पाहिली नाही.

आणि 'लॉस्ट'. २३ मे २०१० ला शेवटचा भाग झाला. श्रेयनामावली सरकत असताना मागं समुद्रकिनाऱ्यावर पडलेले विमानाचे अवशेष दाखवले, एकही माणूस नाही. हजारो लोकांनी अर्थ लावला की सगळे पहिल्याच दिवशी मेले होते आणि सहा वर्षं आपण मेलेल्या माणसांचे भास बघत होतो. खरं तर गोष्टीत तसं नव्हतं. ती दृश्यं वाहिनीनं लोकांना जरा शांत व्हायला वेळ मिळावा म्हणून जोडली होती, हे तिला नंतर सांगावं लागलं. तरी तो गैरसमज आजही भेटतो. शेवटच्या भागाकडं लोक किती डोळे फाडून बघतात, याचा हा पुरावा. इतर दिवशी कुणी नावांच्या मागं काय आहे ते बघत नाही.

गडहिंग्लजची बहीण

आता माणसाच्या मनाचं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ साली एक निरीक्षण मांडलं. रेडिओ-टीव्हीवर रोज भेटणाऱ्या माणसाशी आपलं नातं जुळतं, खऱ्या ओळखीसारखं, फक्त ते एकाच बाजूनं असतं. तो आपल्याला ओळखत नाही. यात वेडेपणा काही नाही. आपलं मन चेहरे आणि आवाज लक्षात ठेवायला घडलंय, तो चेहरा काचेमागचा आहे की समोरचा याची नोंद ते शहाणपणानं घेतं पण माया करताना विसरतं. पुढं २००४ मध्ये जोनाथन कोहेन या संशोधकानं लोकांना विचारलं की तुमचं आवडतं पात्र टीव्हीवरून गेलं तर कसं वाटेल. उत्तरं खऱ्या ताटातुटीशी मिळतीजुळती होती, फक्त सौम्य. आणि खऱ्या नात्यांत ज्यांना 'हे माणूस सोडून जाईल' अशी धास्ती असते त्यांना इथंही जास्त त्रास होईलसं वाटत होतं.

मी आमच्या घरापुरता हिशेब केला. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी जाहिराती सोडून बावीस मिनिटं, दोन वर्षं. सव्वादोनशे तासांहून जास्त होतात. आत्तींची सख्खी बहीण गडहिंग्लजला असते. दिवाळीला एकदा, जत्रेला एकदा भेट, आणि फोनवर "बरं हाय न्हवं?" दोन वर्षांत तिच्याशी समोरासमोर बोलणं पन्नास तासही झालं नसेल. वाड्यातल्या त्या हडळीला आत्ती बहिणीपेक्षा चौपट भेटल्या आहेत. तिचा कुंकवाचा आडवा पट्टा, दार उघडताना डाव्या हातानं पदर सावरायची लकब, सगळं पाठ.

हो, माया हडळीवर आहे, सुनेवर नाही. हेही नेहमीचंच. 'रात्रीस खेळ चाले'मध्ये अण्णा नाईक आणि शेवंता यांच्यावर महाराष्ट्रानं जो जीव टाकला तो काही त्यांच्या सद्गुणांमुळं नव्हे. त्या मालिकेची गंमत अशी की पहिल्या भागाची सुरुवातच अण्णांच्या मृत्यूनं होते आणि २०१९ मध्ये आलेला दुसरा भाग त्याच्या आधीची हकिगत सांगतो. म्हणजे शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक. तरी लोक रात्री जागून बघत होते. सॅन दिएगोच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये लोकांना छोट्या कथा वाचायला देऊन पाहिलं. शेवट आधी सांगितलेल्या कथा लोकांना उलट थोड्या जास्तच आवडल्या. दोन वर्षांच्या मालिकेला तोच नियम लावायला मी धजणार नाही, पण अण्णांच्या बाबतीत तो लागू पडलेला दिसतो. काय होणार हे कळलं की कसं होणार याची चव घेता येते.

मग शेवट फसला तर 'दोन वर्षं वाया गेली' असं का म्हणतात? ती दोन वर्षं तर मजेत गेलेली असतात. इथं डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग कामाला येतो. लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच मिनिट, वर आणखी अर्धा मिनिट, फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू एका अंशानं कमी गार केलं. नंतर विचारलं, यातलं कुठलं पुन्हा कराल? बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. एकूण त्रास जास्त, पण शेवट जरा बरा. आठवण सगळ्या वेळाची बेरीज करत नाही. ती सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवटचा क्षण एवढंच धरून ठेवते. हळदीकुंकवाला तासभर छान गप्पा होऊन निघताना उंबऱ्यावर कुणी खोचक बोललं, तर घरी आल्यावर काय सांगतो आपण? तेच.

म्हणून शेवटाआधीच्या या दोन-तीन आठवड्यांत लोक जे करतात ते चाळे नसतात. आपली आठवण वाचवायची धडपड असते ती. कुणी जुने भाग पुन्हा बघतं. कुणी स्वतःचा शेवट रचून ठेवतं, म्हणजे खरा फसला तरी हाताशी एक असावा. माझ्या मुलाला झोपवताना आत्ती आजकाल स्वतःचाच शेवट सांगतात. त्यात ती बाई विहिरीतून सुनेचं हरवलेलं पैंजण काढून देते आणि निघून जाते. कुठं जाते ते रोज बदलतं. परवा ती जोतिबाच्या डोंगरावर गेली होती.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय हवंय नेमकं? ती मरावी की राहावी? भूत खरं निघावं की खोटं? त्या भाकरी थापत होत्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग आमचे मामंजी गेले तेव्हाची गोष्ट काढली. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. भटजी चुळबुळ करायला लागले, पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं, दर्भाचा कावळा करून उरकू या. धाकटे दीर पुढं झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "नाना, इस्पुर्लीच्या जमिनीचा तुकडा विकत न्हाई. वचन." आणि मगच कावळा आला. आता त्या कावळ्याला जमिनीचं काय कळणार, मी तेव्हाही मनात म्हटलं होतं. पण घाटावरच्या सगळ्यांचे खांदे सैल पडले होते, माझेही.

"तसंच हाय बघ," आत्ती तव्यावर भाकरी टाकत म्हणाल्या. "मारू देत न्हाईतर सोडू देत तिला. पर तुळस का वलांडली ते आदी सांगू देत. मग शिवंल कावळा."

शनिवारी दूध लवकर आणायला सांगितलंय. साडेनऊपासून महाभाग आहे.